गाडी दारात पोहोचली आहे

नोकरीत खून पुष्कळ पाहिले, पण त्या दुपारची घटना अजून माझी पाठ सोडत नाही. सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. तातडीच्या मदतीची नवी योजना सुरू झाली होती. संकटातल्या माणसाने नंबर फिरवायचा, नियंत्रण कक्षातून निरोप आमच्या गाडीतल्या टॅबवर यायचा आणि जागेवर गेल्यावर हवालदाराने 'पोहोचलो' हे बटण दाबायचं. किती मिनिटांत पोहोचलो, ते नियंत्रण कक्षाला आणि वरिष्ठांना बसल्या जागी दिसायचं. सोय उत्तम होती, हे मी आजही म्हणेन.

मेलेली बाई मेंढपाळाची बायको. नवरा कळप घेऊन नदीकाठाला गेलेला, घरी ती आणि बहिरा सासरा. बांधावरून चुलत दिराशी वाद होता. प्रेत अंगणात, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. पंचनाम्यात मला एकच गोष्ट खटकली. दार फोडलेलं नव्हतं. आतला अडसर नीट काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. बाहेर कुऱ्हाड घेऊन माणूस उभा असताना कोणती बाई आपणहून दार उघडेल?

दीर फरार झाला. चौथ्या दिवशी आष्ट्याकडच्या खबऱ्याचा फोन आला.

"सायेब, हितं ऊस तुटल्याल्या रानात मेंढरं बसवल्यात. कळपाची कुत्री एका गड्यावर सारखी भुंकत्यात. त्यो ह्या कळपातला न्हाई."

कुत्र्यांवर माझा माणसांपेक्षा जास्त भरवसा. त्याच दिवशी त्याला उचललं, दीरच निघाला.

मार खाऊन माणूस बोलतो, पण खरं बोलेलच असं नाही. मी त्याला चहा पाजला आणि एवढंच विचारलं, "दार कसं उघडायला लावलंस?"

"म्या न्हाई सायेब. म्या कट्ट्यावर बसून शिव्या देत व्हतो. ती आपनच भायेर आली. 'पोलीस आल्यात, आता बघ' म्हनाली. गाडी हुडकाय लागली. मग माझं डोस्कं फिरलं."

मी नियंत्रण कक्षातून रेकॉर्डिंग मागवलं. तिचे दोन फोन होते. पहिल्यात तिने मदत मागितली होती. दुसऱ्यात म्हणत होती, "आवं ताई, अजून कोन आलं न्हाई. त्यो दारातच बसलाय." पलीकडून शांत आवाज आला, "ताई, गाडी तुमच्या दारात पोहोचली आहे. बाहेर जाऊन बघा."

गाडी तेव्हा हमरस्त्यावरच होती, वाडीपासून कितीतरी लांब. गाडीतल्या जीपीएसच्या नोंदींत ते स्वच्छ दिसत होतं. हवालदाराला समोर उभं केलं. कामाला चोख माणूस.

"बटण कधी दाबलंस?"

"निघतानाच, सायेब. समदेच दाबत्यात." मग खाली बघून म्हणाला, "तुमीच म्हनला व्हता न्हवं, आपल्या ठान्याचा येळ जिल्ह्यात सगळ्यात कमी दिसाय पायजे."

त्याच महिन्याच्या बैठकीत माझं त्याबद्दल कौतुक झालं होतं. असल्या खडबडीत रस्त्यांवरून आमची गाडी एवढ्या लवकर कशी पोहोचते, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला माहीत होतं.

दिराला जन्मठेप झाली, हवालदार निलंबित झाला. वेळ कमी दिसला पाहिजे ही माझीच तोंडी सूचना होती, असं मी चौकशीत लिहून दिलं. वरिष्ठांनी कागद परत केला. "राहू द्या हो, निवृत्तीला आलात." मी दुसऱ्यांदा आग्रह धरला नाही. निवृत्तीच्या दिवशी मला हारतुरे मिळाले.

यंत्राला मी दोष देत नाही. आम्ही त्याला जे सांगितलं, तेच त्याने त्या बाईला इमानाने सांगितलं. साहेबाला काय बघायला आवडतं हे हाताखालच्या माणसाला फार लवकर कळतं, आणि मग तो तेच दाखवतो. हे मला तीस वर्षं ठाऊक होतं. स्वतःला मात्र मी कधी त्यात धरलं नाही.

जबाबाला आलेला तिचा नवरा म्हणाला, "सायेब, ती भित्री व्हती. म्या हाक मारली तरी दोनदा इचारून दार उघडायची. त्या दिशी कशी उघडली?"

त्याच वाडीत बायकांना जमवून, भिऊ नका, या नंबरवर सांगतील तसं करा, असं मीच सांगून आलो होतो. त्याला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.