आपला अर्ज आधीच मिळाला आहे

ऑनलाइन फॉर्म भरताना चौकटीखाली तांबड्या अक्षरांत ‘कृपया योग्य माहिती भरा’ असं उमटतं, आणि आपण मनातल्या मनात कुणाला तरी शिवी हासडतो. ती शिवी मला लागते. त्या ओळी लिहायच्या, त्या कधी उमटवायच्या, कुठल्या रंगात उमटवायच्या, हे सगळं ठरवणं हाच माझा धंदा. कंपनी पुण्याची आहे, पण मी बसते सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावी, घराच्या माडीवर. खाली नेटवर्क येत नाही, आणि माडीवर आबा, म्हणजे माझे वडील, येत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. कामाला अशी जागा पुण्यातही मिळायची नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी मुलींचं एक खासगी वसतिगृह आहे. धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुली दहावी झाली की तिथे राहतात आणि अकरावी-बारावी करतात. वसतिगृहात नंबर लागला तर अकरावी, नाही तर घरी, इतकं ते सरळ आहे. त्याचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, आबांच्या ओळखीचे. एकदा मला म्हणाले, “बेटा, आता प्रवेशअर्ज ऑनलाइन पाहिजेत. कागद म्हणजे मागासलेपणा.” मी म्हटलं, फुकट करून देते. फुकट काम करणाऱ्याच्या अंगात एक वेगळाच ताठा शिरतो. पैसे घेतले असते तर चार प्रश्न तरी विचारले असते.

पहिला फॉर्म तयार झाल्यावर मी लॅपटॉप खाली नेला आणि चाचणीला आबांना बसवलं. त्यांनी मोबाइल नंबरातला पहिला अंक दाबला, आणि लगेच खाली तांबडं उमटलं, ‘मोबाइल क्रमांक दहा अंकी असावा.’

“आरे, मी आजून येकच अंक लिखा ना!” आबा लॅपटॉपवरच खेकसले. “बाकीना नऊ लिखू तं दे! लगेच काय चूक चूक करस?”

मी त्यांना समजावलं, आबा, याला तत्काळ प्रतिसाद म्हणतात, माणसाला मदत होते. आबा म्हणाले, अशी मदत तुझी आजी करायची, घास तोंडात जायच्या आत विचारायची की मीठ कमी आहे का. पुढे त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही.

अर्थात आबांचं ऐकून फॉर्म बदलेन ती मी कसली! बदलला तो वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंमुळे. या बाईंनी कागदाचे अर्ज वर्षानुवर्षं भरून घेतले होते. शेवटचे काही कागदी अर्ज कसे भरले जातात ते बघायला मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. समोर एक मुलगी अर्ज लिहीत होती आणि बाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मुलीने पत्त्याच्या जागी शाळेचं नाव लिहायला घेतलं. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर बाईंनी सुपावरचा हात उचलून मला गप्प केलं. मुलीने ओळ पुरी केली, पेन उचललं, तेव्हा बाई म्हणाल्या, “हे शाळेचं झालं. आता खाली तुझ्या पाड्याचं लिही.” मुलीने लिहिलं. बाई म्हणाल्या, “हं.” मुलगी पुढच्या ओळीकडे वळली.

नंतर मला म्हणाल्या, “पेन चालू असताना बोललं की पोर दचकते गं. मग जे येतं तेही चुकतं.”

कंपनीत याच गोष्टीवर आमच्या दोन दिवस बैठका झाल्या होत्या. तक्ते होते, बाण होते, दुपारचं जेवण होतं. बाईंनी ते तांदळातले खडे काढता काढता सांगितलं. मला जरा अपमान वाटला, पण घरी येऊन मी फॉर्म बदलला. आता माणूस एक चौकट सोडून पुढे गेला की मगच त्याला काय ते सांगायचं. बरोबर असलं की हिरवी खूण, म्हणजे बाईंचं ‘हं’.

दुसरं त्यांनी रंगाबद्दल सांगितलं. “तांबडं नको. तांबडं म्हणजे नापास. डोंगरातली पोर तांबडं दिसलं की उठून जाईल, आणि पुन्हा यायचं म्हटलं तर एक जीप, दोन तास पायपीट आणि बापाची परवानगी लागते. गोड बोल.” मी गोड बोलायचं ठरवलं. ‘चुकीचं’, ‘अवैध’, ‘अमान्य’ असले शब्द काढून टाकले. माझ्या इतकं गोड बोलणारा फॉर्म अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

मग अध्यक्षांनी एक फर्माईश केली. लोक धास्तीने दोन-दोन अर्ज देतात, तर दुबार अर्ज तिथल्या तिथे अडला पाहिजे. आता एकच मुलगी दुसऱ्यांदा आली हे ओळखायचं कशावरून? मोबाइल नंबर चालणार नव्हता, कारण पाड्यावर चार घरांत मिळून एक फोन. पहिलं नाव चालणार नव्हतं, कारण दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि मुलगी लिहिते तिसरंच. मी बराच विचार केला आणि आडनाव, तालुका आणि जन्मतारीख हे तिन्ही जुळलं की अर्ज दुबार, असा नियम घातला. अशा वेळी पुढचं पान उघडायचंच नाही, हिरवी खूण दाखवायची आणि खाली लिहायचं, ‘आपला अर्ज आम्हाला आधीच मिळाला आहे. पुन्हा भरण्याची गरज नाही. काळजी नसावी.’ ही ओळ मी दोन-तीनदा वाचली आणि स्वतःवरच खूश झाले. बाईंना काही हा नियम दाखवला नाही. त्यात त्यांना काय कळणार, असं मला वाटलं. हे मी आज लिहिते आहे तेव्हाही कान गरम होतात.

अर्ज आले, यादी लागली, अध्यक्षांनी गावभर सांगितलं की यंदा एकही दुबार अर्ज नाही. माझा सत्कार करायचं घाटत होतं.

प्रवेशाच्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. “अगं, आहेस तिथून निघून ये.” गेले. ओट्यावर एक मुलगी पत्र्याची पेटी घेऊन बसली होती. नवी पेटी, कुलूप लावलेलं. धडगावच्या वरच्या एका पाड्यावरून आली होती. यादीत तिचं नाव नव्हतं. बाईंनी विचारलं, अर्ज भरला होतास का? ती म्हणाली, “भरायला गेले होते. धडगावला कंप्युटरवाल्याकडे. पण तो आधीच मिळालेला होता. हिरवं आलं.”

ती ओळ माझीच होती.

ती सांगत होती, मला शांतपणे ऐकावं लागत होतं. तिला वाटलं, आपल्या शाळेतल्या गुरुजींनीच आपला अर्ज भरला असणार. एवढं कोण करतं! घरी येऊन तिने बापाला सांगितलं. बाप दुसऱ्या दिवशी कोंबडा घेऊन गुरुजींकडे गेला. गुरुजींना काही उमगलं नसावं, पण कोंबडा दिसत होता. ते म्हणाले, “असू दे, असू दे.” मग खात्रीच पटली. दिवाळीनंतर हे सगळं घर गुजरातेत ऊसतोडीला जातं. बापाने मुकादमाला सांगूनही टाकलं की यंदा पोरगी येणार नाही, ती कॉलेजात जाणार.

बाई यादी चाळत होत्या. “हिच्या आडनावाची धडगावची एकच पोर कशी? दरवर्षी आठ-दहा तरी असतात.” त्यांनी त्या एकीची जन्मतारीख बघितली, मग ओट्यावरच्या मुलीला तिची विचारली. एक जून. दोघींचीही एक जून.

“अगं पण हा योगायोग...” मी म्हटलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तू शिकलीस कुठल्या देशात?”

घरी जन्मलेल्या मुलाची तारीख आईबापाला सांगता आली नाही की शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून टाकतात. डोंगरात अर्धा वर्ग त्याच दिवशी जन्मलेला असतो, आणि त्यातल्या निम्म्यांचं आडनावही एकच. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आमच्या आबांची तारीखही एक जूनच आहे, आणि आजी म्हणायची की ते पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले. हे आमच्या घरात विनोद म्हणून सांगतात. मी तो विनोद सांगते, हसते, आणि माडीवर जाऊन त्याच तारखेवर माणसं ओळखायचा नियम लिहिते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो नियम काढून टाकायला मला दोन मिनिटं लागली. आणखी किती जणींना ती हिरवी खूण दिसली, हे बघायला गेले तर काहीच सापडेना. परत पाठवलेल्यांची नोंद ठेवावी असं मला सुचलंच नव्हतं. त्या आल्या नाहीत, कारण कुणी बोलावलं नाही. ही एकटी आली, कारण तिने माझ्या शब्दावर पेटी विकत घेतली होती.

मी आणि बाई अध्यक्षांच्या दुकानी गेलो. मी सांगितलं, चूक माझी आहे. अध्यक्ष म्हणाले, “छे छे बेटा, तुझी कशी? कंप्युटरची.” मी म्हटलं, कंप्युटरला मी सांगितलं होतं. तर म्हणाले, यादी वर गेली, खाटा भरल्या, एकीला घेतलं तर उद्या दहा येतील. “आल्याच पाहिजेत,” मी जवळजवळ ओरडलेच. गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बाई म्हणाल्या, पोर माझ्या खोलीत झोपेल. अध्यक्ष म्हणाले, “बाई, नियम तो नियम. पुढच्या वर्षी पहिला नंबर तिचा.” आणि गिऱ्हाइकाला पुढचा तागा दाखवायला लागले. मला त्यांचा असा संताप आला की काही विचारू नका. त्या संतापाने जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुलीला मी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “ताई, एक चिठ्ठी लिहून द्या. माझी चूक नव्हती असं. नाही तर बाबा म्हणतील, अर्ज भरलाच नव्हतास आणि उगाच सांगितलंस.”

चिठ्ठी लिहायला बसले. दिवसभर लोकांना काय झालं ते एका ओळीत सांगणारी मी, मला एक ओळ सुचेना. ‘तांत्रिक कारणामुळे’ लिहिलं आणि खोडलं. ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’ लिहिलं आणि कागद फाडला. शेवटी लिहिलं, ‘तुमच्या मुलीने सगळं बरोबर केलं. चूक मी केली. त्यामुळे तिचं वर्ष गेलं.’ खाली सही केली.

तिने दोनदा वाचलं. घडी घालून म्हणाली, “बाबांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवीन.”

म्हणजे चिठ्ठी असली काय आणि नसली काय, बापाला ऐकायचं होतं ते तिच्याच तोंडून. मी तिच्याबरोबर जीपमध्ये बसले. पेटी टपावर बांधली. धडगावला उतरलो, पुढे पायवाटेने पेटीची एक कडी तिने धरली आणि एक मी.

बाप अंगणात खाट विणत होता. आम्हाला बघून उठला, पेटीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मला दुसरी खाट दिली. पाणी दिलं. मी मराठीत सांगायला लागले. कसा फॉर्म असतो, कसा नियम घातला, एक जून, दुबार अर्ज, मी किती शरमिंदी आहे, सगळं. वाटेत जुळवून आणलं होतं. तिने ते त्यांच्या बोलीत चार-पाच शब्दांत सांगितलं आणि थांबली.

बापाने सुंभ पुन्हा हातात घेतला. रागावला असता तर मी ऐकून घेतलं असतं, त्यासाठीच गेले होते. त्याने हळू आवाजात तिला काही तरी विचारलं.

“विचारताहेत, पुढच्या वर्षी नक्की लागेल का नंबर,” ती म्हणाली.

“नक्की,” मी म्हटलं. “मी स्वतः येईन. इथे बसून अर्ज भरून घेईन, सगळ्यांचे. शब्द देते.”

बापाने मी काय म्हणाले ते ऐकायला तिच्याकडे तोंड केलं. तिने हंडा उचलला, पाणी आणते म्हणाली आणि उतारावरून खाली गेली. माझं बोलणं तिने त्याला सांगितलं नाही.