सुटताना ओढ कुठली?

प्रयोगशाळेतल्या मेकॅनिककाकांचा डावा कान कामातून गेला होता. तीस वर्षं लोखंडावर लोखंड आपटायचं म्हटल्यावर कान तरी किती तग धरणार? पण चौकटीला तळहात टेकला की धक्का कसा बसला, हे त्यांना बिनचूक कळायचं.

भूकंपात शेजारशेजारच्या इमारती एकमेकींवर कशा आदळतात, याचा तिथे अभ्यास चाले. हलत्या टेबलावर काकांनी इमारतींच्या जागी दोन पोलादी चौकटी बोटभर अंतरावर उभ्या केल्या होत्या. टेबल हललं की त्या खाडकन भिडत आणि लगेच दूर होत. हीच टक्कर कॉम्प्युटरवर उतरवायचं काम पीएचडी करणाऱ्या ताईकडे होतं. तिने दोन्ही चौकटींच्या मध्ये गणितातली एक स्प्रिंग बसवली होती, आणि टकरीत जिरणारी ऊर्जा दाखवायला एक डॅम्पर, म्हणजे धक्का शोषणारा ब्रेक.

पण कॉम्प्युटरच्या आणि टेबलावरच्या आकड्यांचा मेळ काही बसेना. तीन आठवडे झाले, ताईचा चेहरा एवढासा झाला.

"काका, बोल्ट ढिले तर नाही ना राहिले?"

काकांना ते लागलं. त्यांनी पाना उचलला आणि एकूण एक बोल्ट तिच्यादेखत तपासला. सगळे घट्ट. मग तिच्या ग्राफवर बोट ठेवून विचारलं, "ही रेघ शून्याच्या खाली का गेलीय?"

"तिथे बल उलटं होतं. सुटताना एक इमारत दुसरीला ओढते."

"ओढते? मध्ये गोंद लावलाय का? इकडे ये, चौकटीच्या मागच्या बाजूला हात ठेव."

त्यांनी टेबल हळू चालवलं. ठोका तळहाताला लागला. चौकटी सुटल्या तेव्हा काहीच जाणवलं नाही.

ताई हसली आणि तिने ग्राफ पुन्हा जवळ ओढला. तिचा डॅम्पर जवळ येतानाही ब्रेक लावत होता आणि दूर जातानाही; ती खोटी ओढ तिथूनच येत होती. हा दोष पुस्तकात लिहिलेला होता. पण तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, किरकोळ आहे, सोड. तिनेही सोडला होता.

आता तिने डॅम्पर फक्त जवळ येताना चालेल असं केलं आणि ऊर्जा तेवढीच जिरावी म्हणून त्याचे आकडे नव्याने काढले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कॉम्प्युटरची आणि टेबलावरची, दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या.

"जवळजवळ म्हणजे?" काकांनी विचारलं.

"शंभरात तीन-चारचा फरक."

"तेवढा माझ्या वेल्डिंगचा धर."

"काका, त्या दिवशी बोल्टचं बोलले, चुकलंच माझं."

"विचारलंस ते बरं केलंस," काका खालच्या आवाजात म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी एक खरंच ढिला राहिला होता. कुणापाशी बोललो नाही."

त्याच वर्षी काका निवृत्त झाले. घरात त्यांची लुडबुड इतकी वाढली, की बायकोनेच त्यांना मंगळवारी-शुक्रवारी प्रयोगशाळेत पिटाळायला सुरुवात केली. तिथे आता पोलादाऐवजी काँक्रीटचे ठोकळे आहेत. त्यांचे कोपरे उडतात, आकडे पुन्हा चुकतात, आणि काका-ताईंचा वाद दुपारपर्यंत आरामात पुरतो.