पोळ्याचा डबा

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणारे सगळेच ‘माझा विश्वास नव्हता’ अशी सुरुवात करतात. माझा अजूनही नाही. म्हणूनच तर डोकं फिरलंय.

मी बोरगाव मेघेला राहतो. काम न्यायवैद्यकातलं — मृतदेहावरच्या माशांच्या अळ्या पाहून मृत्यू कधीचा ते सांगायचं. माणसं खोटं बोलतात, अळ्या नाही, असं विद्यार्थ्यांना ऐटीत सांगायचो.

पोळा होऊन दोन दिवस झाले होते. आर्वीकडच्या एका शेतात, गुरं नसलेल्या कोठ्यात, शेतावरच राहणाऱ्या गजानन नावाच्या तरुणाचा मृतदेह सापडला. डोक्यात घाव. अळ्या पूर्ण वाढून मातीत शिरल्या होत्या, त्यांचे कोष झाले होते... म्हणजे मृत्यू आठवडाभरापूर्वीचा, पोळ्याच्या बराच आधीचा. तेव्हा त्याच्यासोबत शेवटचा दिसला होता त्याचा मित्र दिनेश. पोलिसांनी त्याला उचललं.

मग गजाननच्या आईने मला ऑफिसबाहेर गाठलं.

“साहेब, दिनेशले सोडा. पोळ्याले माहा गजू घरी आलता. म्या सोता त्याले पुरनपोळीचा डबा देल्ला. दिनेश तवा नागपूरले दवाखान्यात भरती होता.”

तो डबा मृतदेहाशेजारीच सापडला होता. शेजारणीनेही गजाननला डबा घेऊन जाताना पाहिलं होतं. पोलीस म्हणाले, दोघी मिळून बनाव करताहेत. पण स्वतःच्या मुलाच्या खुन्याला वाचवायला आई कशाला बनाव करेल?

मी अक्षरशः पिसाळलो. डीएनए पुन्हा जुळवला — गजाननच. त्याच कोठ्यात मांसाचा तुकडा ठेवून अळ्या वाढवून पाहिल्या. अळ्या लवकर वाढवणारं एखादं औषध शरीरात होतं का, तेही तपासलं. सगळं नॉर्मल, उत्तर तेच. रिपोर्टमध्ये ‘आई म्हणते’ असं लिहिता येत नाही, म्हणून जे दिसलं तेच लिहिलं. स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही, आणि ‘आत्मा असेल हो’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

परवा गजाननची आई कोर्टात भेटली. मी विचारलं, “काकू, गजानन त्या दिवशी काही वेगळं बोलला होता का?”

“नाई जी. अंदर बी नाई आला, उंबऱ्यातूनच डबा घेतला. दर खेपेले ‘येतो माय’ म्हने, त्या दिवशी ‘जातो’ म्हनला. म्या रागावली बी त्याले. असं म्हनू नाई, येतो म्हन, म्हटलं. तसाच गेला.”

दिनेश अजून आतच आहे. माझ्या रिपोर्टमुळे.