रेघ नाचली की आधी हात धरा

वॉर्डात वीस वर्षं काढली की सिस्टरकडे दोन गोष्टी साचतात. गुडघेदुखी आणि किस्से! गुडघ्यांचं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून किस्से सांगते.

आमचं हॉस्पिटल यवतमाळ जिल्ह्यातलं, छोटंसं. मोठ्या डॉक्टरांकडे हात थरथरणारे, मान वाकडी झालेले, अंग आपोआप उडणारे पेशंट येतात. त्यांची काही औषधं शिरेतून दिली की हात थांबतो, पण कधी कधी हृदयाचा तालही बिघडतो. म्हणून डॉक्टरांचा नियम: आधी ईसीजी, मग सुई, आणि सुई हळू! नियम सोपा आहे. माणसं सोपी नसतात.

*

वणीहून कोळशाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर आला. कुठंतरी उलटीचं इंजेक्शन घेतलं आणि त्याची मान जी मागे वळली ती वळलीच. भावाला वाटलं, बाहेरचं लागलं. त्यानं आधी लिंबू उतरवलं, मग आमच्याकडे आणलं. आमची वैशाली सिस्टर तेव्हा नवी आणि घाईची. तिनं उताऱ्याचं औषध एका दमात शिरेत सोडलं. मान झाली सरळ! गडी खूश होऊन उठला आणि बीपी घसरून धाडकन जमिनीवर! मी पाय वर धरले, सलाईन सोडलं, तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले.

भाऊ म्हणाला, "सिस्टर, मान सरळ केली, पन मानूस आडवा केला ना तुमी!"

*

वैशालीला मी चांगलंच झापलं. "हळू म्हणजे किती हळू?" ती रडत म्हणाली. "एकशे आठ वेळा रामनाम घे. तेवढं!" मी रागात बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय! एका आजोबांच्या हाताला सुई लावून, डोळे मिटून ही मोठ्यानं "राम राम राम" करतेय आणि कॉटभोवती सुनांनी गळा काढलाय! शेवटी आजोबाच ओरडले, "अवं पोरी, मनातल्या मनात म्हन! मी आहो अजून!"

*

"हृदयाचा काही त्रास?" हे मी प्रत्येकाला विचारतेच. पांढरकवड्याचे एक काका ठासून म्हणाले, "काईच नाई." ईसीजीसाठी शर्ट काढला तर गळ्याच्या हाडाखाली उंचवटा. पेसमेकर!

"काका, हे काय?"

"बॅटरी हाये."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी त्रास इचारला. बॅटरी बसवल्यापासून काईच त्रास नाई!"

*

पार्किन्सनचे एक रिटायर्ड गुरुजी होते. मॉनिटरवर त्यांची रेघ अशा उड्या मारायला लागली, की आमचे नवे छोटे डॉक्टर ओरडले, "हार्ट गेलं! शॉक द्या!" मशीन चार्ज झालं. गुरुजी शांतपणे बघत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, थे इस्तरी कायले आनली?"

त्यांच्या बायकोनं पुढं होऊन त्यांचं मनगट दाबून धरलं. रेघ एकदम व्यवस्थित! हात थरथरत होता, म्हणून रेघ नाचत होती. छोट्या डॉक्टरांनी मशीन मागे ओढलं. बोलत्या माणसाला शॉक देणार होतो आम्ही!

तेव्हापासून वॉर्डात पद्धत पडली. रेघ नाचली की आधी हात धरा. ती पद्धत मीच पाडली.

*

घाटंजीच्या जमीला खाला. बांगड्यांचं दुकान. साखर बेसुमार वाढली आणि उजवा हात चाबकासारखा उडायला लागला. दोन दिवस झोप नाही. नवरा, रहीमचाचा, दोन्ही हातांनी तो हात धरून बसलेला. गोळी गिळवेना, म्हणून इंजेक्शन शिरेतून द्यायचं ठरलं. ईसीजी केला, सुई हळू दिली. सगळं नियमानं.

तासाभरानं मॉनिटर वाजला. रेघ वेडीवाकडी नाचत होती. मी टेबलावर रजिस्टर लिहीत होते. उठले नाही.

"चाचा, हात धरा!"

रेघ नाचतच होती.

"अहो चाचा, घट्ट धरा ना!"

"धरायले काय राह्यलं, सिस्टर?" चाचा हसत म्हणाले. "हात तं केव्हाचाच थांबला. आरामात झोपली थे."

पेन टाकून धावले. खालाचा हात निपचित, नाडी नाही! वैशाली छाती दाबायला लागली, छोटे डॉक्टर मशीन घेऊन आले. एक शॉक. काही नाही. दुसरा. चाचा भिंतीला टेकून खाली बसले होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

रेघ थबकली आणि मग एक एक ठोका सरळ पडायला लागला. खालानं डोळे उघडले. थोड्या वेळानं तिचा उजवा हात सटकन उडाला आणि जवळ आलेल्या चाचांच्या गालावर फाडकन बसला. बांगड्या खळखळल्या.

सवयीनं मी तो हात धरायला पुढं झाले. चाचांनी मला अडवलं. डोळे पाण्यानं भरलेले, गाल लाल.

"उडू द्या, सिस्टर," ते म्हणाले. "कोनी धरू नका."