दिवाडी बेटावर ऐकलेला अप्पांचा आवाज

इथे लोक लिहितात ते अनुभव मी दोन-तीन वर्षं नुसते वाचतेय, आणि वाचताना मनातल्या मनात प्रत्येकाची उलटतपासणी घेतेय. सवयच तशी — मी हुबळीच्या कोर्टात वकिली करते. कुणी पाहिलं, किती अंतरावरून, उजेड किती होता, आदल्या दिवशी झोप झाली होती का... एवढं विचारलं की बहुतेक गोष्टी विरघळतात, असं माझं मत होतं. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पण गेल्या डिसेंबरात जे झालं त्याची साक्षीदार मी एकटीच आहे, आणि माझीच साक्ष मला मोडता येत नाहीये.

आमचं घर नवनगरात. मी, नवरा सतीश, बारा वर्षांची ईशा आणि माझे सासरे — अप्पा. अप्पा अमरगोळच्या मार्केट यार्डातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बोललेलं सगळं समजायचं, पण तोंडून एकच शब्द यायचा — "बस." तोसुद्धा अर्धवट, ओढून काढल्यासारखा. आम्ही त्यांना बसवायचो. बसलेले असले तर मला वाटायचं, जेवण पुरे म्हणतायत, आणि मी ताट उचलायचे. मग ते डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर आपटायचे. स्पीच थेरपीवाली म्हणाली, अशा पेशंटच्या तोंडी एखादा शब्द अडकून बसतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. आम्ही ते मान्य करून टाकलं. खरं तर सोयीचं होतं ते.

डिसेंबरच्या सुट्टीत सतीशने कॅरॅव्हॅन ठरवली. त्याच्या ओळखीतल्या एकाने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरला आतून पलंग, छोटा ओटा आणि टॉयलेट बसवून घेतलं होतं. अप्पांना कारमध्ये तासभरही बसवत नव्हतं, आणि नऊ महिने चार भिंती बघून ते... काय सांगू, विझत चालले होते. ठरलं — कलघटगी, येल्लापूर, कारवार करत गोवा. आणि एक दिवस ईशासाठी, बेटावर सायकलिंग.

जाताना कलघटगीत एक प्रकार झाला. गाव लागताच अप्पा खिडकीची काच थापटायला लागले. बस, बस, बस. सतीशने गाडी बाजूला घेतली, त्यांना टॉयलेटला नेलं, उशी बदलली, पाणी दिलं. काहीच चालेना. शेवटी गाव मागे पडलं तसे ते तोंड फिरवून पडून राहिले. कारवारपर्यंत एक घोट पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी.

दिवाडी हे मांडवी नदीतलं बेट. नकाशात दिवार लिहितात. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पाच-सात मिनिटांत पलीकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी सतीश अप्पांजवळ कॅरॅव्हॅनमध्ये थांबला, धक्क्यापासून जरा अलीकडे, झाडाच्या सावलीत. मी आणि ईशा भाड्याच्या सायकली घेऊन बोटीत चढलो.

उतरल्यावर गावापर्यंत सरळसोट रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पाणी भरलेली शेतं, बगळे, लांब टेकडीवर पांढरं चर्च. अकराचा सुमार असावा. लख्ख ऊन. ईशा पुढे निघून गेली आणि माझ्या सायकलची चेन पडली. मी सायकल उलटी करून, खाली बसून चेन चढवत होते. हात काळे झालेले. रस्त्यावर कुणी नव्हतं — हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मदतीला कुणी येतंय का म्हणून मी नुकतंच मागे-पुढे पाहिलं होतं.

आणि माझ्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, अप्पा बोलले.

"मेघा, बस नव्हे ग. बसू. कलघटगीचा बसू. अंव कायाकत्तान."

झटक्याच्या आधीचा आवाज. भरदार, थोडा घोगरा. शेवटचं वाक्य कानडी — तो वाट बघतोय. मी वळून पाहिलं नाही. घाबरले म्हणून नव्हे. घरात सासरे काही सांगतात तेव्हा आपण काम करता करता "हो" म्हणतो ना, तशी मी "हो अप्पा" म्हणाले. चेन चढवली. पॅडल फिरवून पाहिलं. आणि मग गर्रकन वळले.

मागे रस्ता आणि पाणी, एवढंच होतं.

ईशा परत आली. आई, तू रडतेयस का, असं तिने विचारलं. तिला काही ऐकू आलं नव्हतं. मी ऊन लागल्याचं सांगितलं आणि आम्ही पुढच्याच बोटीने परतलो.

अप्पा गाढ झोपले होते. सतीश हळू आवाजात म्हणाला, तुम्ही गेलात तेव्हापासून झोपलेत, इतके शांत की मी दोनदा श्वास चालू आहे का बघितलं. मी त्याला काही सांगितलं नाही. अप्पा जागे होईपर्यंत बसून राहिले आणि मग विचारलं.

"अप्पा, तुम्ही बसू म्हणताय का? कलघटगीचा बसू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. डाव्या हाताने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की वळ उठले. आणि रडायला लागले — तोंड वाकडं करून, आवाज न करता. सतीश गोंधळून माझ्याकडे बघत होता. "कोण बसू?" त्याने विचारलं. अप्पांच्या तोंडून त्याने कुणा बसूचं नाव जन्मात ऐकलेलं नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. ईशाचा बीच राहिला. तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही.

आमच्याकडे बसू नावाची माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण कुणाला विचारायची वेळच आली नाही. कलघटगीत शिरल्यावर अप्पांनी हात वर केला, आणि डावीकडे-उजवीकडे तेच दाखवत गेले. गल्ली अरुंद झाली तिथून व्हीलचेअर. बाजाराच्या मागे पत्र्याचं एक सायकल दुरुस्तीचं दुकान, बंद. शेजारच्या घराच्या कट्ट्यावर धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते उठले, चप्पल न घालताच आले, आणि खुर्चीसमोर उकिडवे बसून अप्पांचा निकामी उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

बाकीचं त्या गृहस्थांच्या सुनेने सांगितलं. बसवण्णेप्पा त्यांचं नाव — अप्पांचा बसू. अप्पा नोकरीला लागले तेव्हा याच घरात भाड्याने राहायचे; दोघे एकाच वयाचे. माझ्या सासूबाई गेल्यानंतर अप्पा दर गुरुवारी बसने इथे यायचे, दुपारपर्यंत बसायचे, चार वाजता परतायचे. आम्ही समजत होतो ते लायब्ररीत जातात. त्यांनी कधी तसं सांगितलं नव्हतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं. बसवण्णेप्पांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनचा प्रश्नच नाही, आणि आमचा पत्ता त्या घरात कुणाकडेच नव्हता. मार्चपासून हे दर गुरुवारी स्टँडवर जाऊन दहाच्या बसमधून उतरणारी माणसं बघायचे आणि घरी यायचे. पावसातसुद्धा. सून नको म्हणायची, तरी जायचे.

बसवण्णेप्पांनी सतीशला एवढंच विचारलं, कानडीत, अगदी साधेपणाने — "घरच्यांना माहीत नव्हतं होय?"

सतीश मान खाली घालून उभा राहिला. मला वाटतं, त्या एका प्रश्नाने त्याला नऊ महिन्यांच्या सेवेपेक्षा जास्त थकवलं.

घरी आल्यावर मी त्याला बेटावरचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं असं — जाताना कलघटगीत अप्पा अस्वस्थ झाले ते तू पाहिलंस, शब्द रोज ऐकत होतीस, तुझ्या डोक्याने दोन्ही जोडलं आणि उन्हात ते तुला आवाज होऊन ऐकू आलं. पटण्यासारखं आहे. कोर्टात मी स्वतः हेच मांडलं असतं.

फक्त दोन गोष्टी बसत नाहीत. एक म्हणजे, अप्पा माझ्याशी कधीच कानडीत बोलले नाहीत, लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी. आणि कुणी वाट बघतंय, हे माझं डोकं कशाशी कशाला जोडून काढणार होतं? त्या वेळी तर ते अप्पांनाही माहीत असायचं कारण नव्हतं.

आता दर गुरुवारी आमच्यापैकी कुणीतरी त्यांना कलघटगीला नेतं. दोघे कट्ट्यावर बसतात. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही, आणि तरी चार कसे वाजतात कळत नाही. डॉक्टर म्हणतात तब्येत सुधारतेय.

अप्पा आता हो-नाहीची खूण व्यवस्थित करतात. त्या दिवशी तुम्ही बेटावर आला होता का, हे त्यांना विचारणं अगदी सोपं आहे. पाच महिने झाले. परतीच्या वाटेवर दर वेळी प्रश्न माझ्या ओठांवर येतो, आणि मी गाडी चालवत राहते. ते "नाही" म्हणाले तर मी काय ऐकलं, मला ठाऊक नाही. आणि "हो" म्हणाले तर... मग त्यापुढे काय विचारायचं, तेही ठाऊक नाही.