पुसलेली ताटली

विद्यापीठातून आलेली मुलगी गच्चीवर चढली आणि कठड्यावरच्या काचेच्या ताटलीकडे बघतच राहिली. ताटली लख्ख होती. हवेतली किती राख खाली बसते आणि ती माणसाच्या छातीचं काय करते, याच्या अभ्यासासाठी तिनेच ती गेल्या आठवड्यात तिथे ठेवली होती.

"काकू, ही कोणी पुसली?"

"मीच," माझी बायको सुमन चहाचा कप पुढे करत म्हणाली. "तू येणार म्हणून. आल्यागेल्याला घाण कशी दाखवायची?"

"पण मला ती घाणच हवी होती."

सुमन म्हणाली, "एवढंच ना? उद्या सकाळी ये. पुन्हा बसलेली असेल."

मला हसू यायला हवं होतं, नाहीतर राग तरी. दोन्ही आलं नाही. समोर वीज केंद्राच्या चिमण्या रोजच्यासारखा धूर सोडत होत्या. आमच्या गावात पाहुणा आला की आधी खुर्चीवर फडकं मारतात, मगच "बसा" म्हणतात. पूर्वी फडकं मारताना कुणीतरी चिमण्यांना शिव्या घालायचं. ते कधी थांबलं, आठवत नाही. खोकल्याला तर आम्ही खोकला म्हणतच नाही. घसा साफ करतो म्हणतो.

मुलीने ताटली पुन्हा कठड्यावर ठेवली. जिना उतरताना तिने मला विचारलं, "काका, तुम्हाला खोकल्याचा काही त्रास?"

"छे गं," मी घसा साफ करून म्हणालो.