पासबुकावरचा अंगठा

माझ्या पासबुकाच्या पहिल्या पानावर माझा फोटो चिकटवलेला आहे आणि फोटोखाली निळ्या शाईचा अंगठा आहे. मला लिहिता येतं. चौथीपर्यंत मी शाळेत गेले. तिसरीत असताना बाईंनी माझी वही साऱ्या वर्गाला दाखवली होती. तरी तो अंगठा माझाच आहे.

खातं उघडलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. फुलंब्रीच्या बँकेचे लोक आमच्या गावात आले होते आणि मारुतीच्या पारावर टेबल मांडून बसले होते. बायकांच्या रांगेत माझ्यापुढे सासूबाई होत्या, त्यांच्यापुढे मोठ्या जाऊबाई. दोघींनी अंगठा दिला. माझा नंबर आला तेव्हा साहेबांनी पेन पुढे केला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, पदराला बोट पुसत होत्या. सासूनं अंगठा दिला आणि तिच्या डोळ्यांदेखत सुनेनं सही केली, हे मला कसंतरीच वाटलं. मी पेन बाजूला सारला आणि शाईच्या डबीत अंगठा टेकवला. घरी जाताना सासूबाई म्हणाल्या, "तुला तर येतं ना लिहाया?" मी सही केली असती तरी त्यांना काही वाटलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पुढे आम्ही वाळूजला आलो. आमचे मालक टेम्पो चालवतात. मी एका कंपनीत पॅकिंगला लागले. रबराचे बारके भाग येतात, ते पिशवीत भरायचे आणि पिशवीवर बरोबर चिठ्ठी लावायची. चिठ्ठी वाचावी लागते म्हणून मला त्या टेबलावर बसवलं. तिथून मी सगळ्यांत 'शिकलेली' झाले. मी फार बोलत नाही. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी माझे कान तापतात. पण बोर्डावर कागद लागला की बायका मला पुढं ढकलायच्या, "वाच गं, काय म्हणत्यात ते." मी वाचून दाखवायचे. तेवढा वेळ मला माझी लाज वाटायची नाही.

शेजारच्या टेबलावर एक मावशी होत्या. नवरा नाही, एकट्याच खोली करून राहायच्या. त्याही फुलंब्रीकडच्याच, त्यांचं खातंही त्याच बँकेत. शाळेत त्या कधीच गेल्या नव्हत्या. बचत गटातल्या एका मुलीनं त्यांना नाव काढायला शिकवलं होतं. तेव्हा पगार पाकिटातून हातात मिळायचा आणि रजिस्टरवर सही करावी लागायची. मावशी एकेक अक्षर काढायच्या, मग वरची रेघ ओढायच्या. मागे रांग खोळंबायची. एकदा मीच म्हणाले, "मावशी, अंगठाच लावा की. बस जाईल निघून." बायका हसल्या. मावशीही हसल्या. "थांब गं," म्हणाल्या, "लई दिवसांनी हातात आलंय माझं नाव." आणि रेघ शेवटापर्यंत नेली.

मग एके दिवशी बोर्डावर कागद लागला. आता पगार थेट बँकेच्या खात्यात जमा होणार होता. मोबाइलवर कंपनीचं पोर्टल उघडायचं, कंपनीनं दिलेल्या चिठ्ठीवरचा नंबर आणि पासवर्ड टाकायचा, खातं क्रमांक दोनदा भरायचा, बँकेचा कोड भरायचा. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो आणि पांढऱ्या कागदावर केलेल्या सहीचा फोटो टाकायचा. शनिवारच्या आत. राहील त्याचा पगार पुढच्या महिन्यात. मी मोठ्यानं वाचत होते. शेवटची ओळ अशी होती की ज्यांच्या खात्याला अंगठा आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात यावं, त्यांचा अंगठा तिथं घेतला जाईल. ती ओळ मी वाचली, पण हळू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात सहा-सात बायका उभ्या राहिल्या. सगळी कॅन्टीन बघत होती. सुपरवायझर म्हणाले, "चला, अंगठाबहाद्दर, पुढं सरका."

रांगेतली एक बाई म्हणाली, "साहेब, ह्याच अंगठ्यानं तुमचा माल पॅक व्हतो."

सगळे हसले, ती बाईही हसली. मी भाकरीकडे बघत बसले. त्या रांगेत माझी जागा होती आणि मी डबा खात होते.

बाकीच्यांची माहिती त्यांच्या घरच्या पोरांनी भरून दिली. मावशींना कुणी नव्हतं. त्यांनी पिशवीत गुंडाळलेलं पासबुक माझ्या हातात दिलं. कंपनीची चिठ्ठी आणि सही केलेला पांढरा कागद आत होता. "माझं तू भर," त्या म्हणाल्या. "पण आधी तुझं भर. तुझं झालेलं मला दाव, मंग माझं. त्या मोबाइलवर माझा भरवसा नाय."

घरी आल्यावर मी माझं भरायला घेतलं. आकडे भरले. पांढऱ्या कागदावर सही केली, चांगली आली. पासबुकाचा फोटो काढताना मात्र डाव्या हाताचं बोट त्या निळ्या अंगठ्यावर ठेवलं, जणू पान धरलंय. पाठवून दिलं. सकाळी उघडलं तर लाल अक्षरात आलं होतं, पूर्ण पान दिसेल असा फोटो टाका.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "अंगठा हाय तर हाय. त्या रांगंत उभी ऱ्हा, दोन मिनटांचं काम."

"मला लिहिता येतं," मी म्हणाले.

"मंग तिथं सही कराया कुणी अडवलं व्हतं?"

त्यांचं बरोबर होतं. मी भांडी घासायला गेले.

त्या आठवड्यात एका दुपारी मी मावशींचं पासबुक उघडलं. पहिल्या पानावर काळ्या शाईत त्यांची सही होती, वाकडी, पण वरच्या रेघेसकट. मी ती किती वेळ बघितली कोण जाणे. मला त्या सहीचा राग आला. त्यांचं काम तिथंच दहा मिनिटांत झालं असतं. नंबर होता, पासवर्ड होता, पान स्वच्छ होतं. पण त्यांचं झालं की त्या म्हणणार, तुझं दाव. मी पासबुक परत पिशवीत गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं.

मावशी रोज विचारायच्या, "झालं का गं?" मी म्हणायचे, "नेट नाही मावशी, आमच्या खोलीकडं." असं करत शनिवार गेला.

पगाराच्या दिवशी जेवायच्या वेळेला सगळ्यांचे मोबाइल एकामागून एक वाजू लागले. मावशींनी त्यांचा बटणांचा फोन हातात धरला होता. तो वाजला नाही. माझाही नाही. समोरची एक म्हणाली, "घ्या. आख्ख्या कंपनीचे कागद वाचती, आन् हिचंच ऱ्हायलं."

मावशी म्हणाल्या, "गप बस की. नेटच नव्हतं तर काय करंल ती? माझ्या नादात तिचंबी ऱ्हायलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, पगाराचं वाईट वाटतंय.

तो महिना आमचा मालकांच्या कमाईवर निघाला. मावशींच्या डब्यात मात्र रोज भाकरी आणि मिरचीचा ठेचा असायचा, भाजी नाही. त्यातली अर्धी भाकरी त्या माझ्यापुढे सारायच्या. "घे गं, तुझ्याबी घरी पगार नाय." मी नको म्हटलं तर रागवायच्या. मी ती भाकरी खाल्ली. एकदा नाही, बऱ्याचदा.

आमची सुट्टी शुक्रवारी. मी फुलंब्रीला बँकेत गेले आणि म्हणाले, अंगठ्याऐवजी सही लावायची आहे. तिथल्या साहेबांनी पासबुक बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अर्ज द्या," म्हणाले, "आणि तुम्हाला ओळखणारं, ह्याच शाखेत खातं असलेलं कुणीतरी आणा. त्यांची सही लागेल." गावात सासूबाई होत्या, जाऊबाई होत्या. दोघींचा अंगठा. मालकांचं खातं वाळूजला. सही असलेलं माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं.

पुढच्या शुक्रवारी मावशींना घेऊन गेले. काय काम आहे ते आधी सांगितलं नव्हतं. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. फुलंब्री जवळ आली तेव्हा मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "मावशी, माझ्या पासबुकावर अंगठा हाय."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. "तुझ्या?"

"व्हय. सासूबाईंच्या पुढं सही कराया लाजले."

"आन् मला म्हणालीस अंगठाच लावा."

"व्हय."

"येडी गं तू," त्या म्हणाल्या. एवढंच. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या.

बँकेत त्यांनी माझ्या अर्जावर, 'मी ह्यांना ओळखते' असं लिहिलं होतं त्याखाली, आपलं नाव काढलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. मी मावशींच्या शेजारी उभी होते. एकेक अक्षर झालं, मग रेघ. पासबुकाचं नवं पान मिळालं तेव्हा आम्ही बँकेच्या पायरीवर बसलो आणि मी मोबाइल काढला. आधी माझं भरलं. मावशी वाकून बघत होत्या. मग त्यांचं भरलं. दोन दिवसांनी दोन्हीकडे हिरवी खूण आली आणि पुढच्या पगाराला दोघींचे फोन वाजले, दोन महिन्यांचा पगार एकदम.

त्या दिवशी मावशी सगळ्या टेबलांना सांगत फिरल्या, "हिनं माझ्यापायी फुलंब्रीला दोन खेपा केल्या, बाई. सुट्टी घालवली." अंगठ्याचं त्या कुणाला बोलल्या नाहीत. आजपर्यंत नाही. बोर्डावर कागद लागला की त्याच मला पुढं ढकलतात.

अंगठ्याचं मी त्यांना सांगितलं, कारण त्यांच्या सहीची गरज होती. त्यांचं पासबुक इतके दिवस माझ्या पर्समध्ये का पडून होतं, ते सांगितलं नाही. कधीकधी त्या विचारतात, "तुमच्या खोलीकडं अजून नेट नसतंय का गं?" आमच्या खोलीतलं नेट कधी बंद पडलेलंच नाही. मी म्हणते, "आता येतंय मावशी."